तेराशे वीस फेरे

लुंडबी आणि व्रानोव्ह या दोन गावांच्या मधोमध म्हणजे नेमकं कुठं, यावरून एकोणपन्नास सालच्या हिवाळ्यात आमच्याकडं कुणाचं डोकं फुटलं नाही एवढंच. बाकी सगळं झालं. भावकीत बोलणं बंद झालं, ठरलेली एक सोयरीक मोडता मोडता राहिली, आणि माझ्या गोठ्यातल्या गाईंवर रोवलेल्या खुंट्या खाल्ल्याचा आळ आला.

लुंडबी हे अमेरिकेत, नेब्रास्कात येऊन वसलेल्या स्वीडिश लोकांचं गाव. तिथं एक चर्च, एक दुकान, धान्याचं उंच कोठार आणि मोठ्यानं हसणं म्हणजे पाप समजणारी चाळीस घरं. व्रानोव्ह चेक लोकांचं. चर्च तिथंही आहे, पण त्याच्यापेक्षा बीअरचा गुत्ता मोठा. दोन्हींमध्ये अंतर सहा मैल. मी आर्विद, जन्मानं लुंडबीचा, आणि लग्न केलं व्रानोव्हच्या लिबूशाशी. त्यामुळं लुंडबीला मी चेकांचा हेर वाटे आणि व्रानोव्हला स्वीडिशांचा. माझं शेत नेमकं दोन्हींच्या मध्ये. शाळा-समितीचा चिटणीस मलाच केला होता, कारण दोन्ही गावांना सारखाच नकोसा दुसरा माणूस त्या भागात मिळाला नाही.

त्या वर्षी नेब्रास्कात बर्फ पडलं म्हणण्यापेक्षा आभाळच खाली उतरलं असं म्हणायला हवं. जानेवारीत एका रविवारी व्रानोव्हच्या शाळेचं छप्पर बर्फाच्या वजनानं खाली आलं. आत कुणी नव्हतं म्हणून वाचलो. तिथली अकरा पोरं मग घसरगाडीत गवत घालून लुंडबीच्या शाळेत येऊ लागली. लुंडबीची तेरा होती. चोवीस पोरं, एक खोली, एक शेगडी आणि बाई.

बाई म्हणजे मिस ऑगस्टा लिंडक्विस्ट. त्यांना पोरंही बाई म्हणत आणि पोरांचे बापही. सत्तावीस वर्षं त्या एका खोलीत त्यांनी काढली होती. मीही त्यांच्याच हातचा मार खाऊन शिकलो. मारापेक्षा त्यांचे गुण जास्त लागायचे. सत्तावीस वर्षांत त्यांनी कुणालाही पैकीच्या पैकी गुण दिले नव्हते. उत्तर बरोबर आलं तर अक्षर वाकडं, अक्षर सरळ आलं तर समास सोडला नाही, काही ना काही निघायचंच. खुद्द पाद्रीबाबांनी लहानपणी बायबलचा अख्खा अध्याय न चुकता म्हणून दाखवला होता, तर बाईंनी श्वास चुकीच्या जागी घेतला म्हणून अर्धा गुण कापला होता.

काउंटीचे, म्हणजे आमच्या जिल्ह्याचे, शिक्षणाधिकारी प्रुइटसाहेब यांना आमची शाळा डोळ्यांत सलायची. आमची पोरं बावीस मैलांवरच्या मार्शल सेंटरला, मोठ्या शाळेत घालावीत असं त्यांच्या मनात होतं. म्हणजे सहा वर्षांच्या पोरानं पहाटे निघायचं आणि दिवस मावळल्यावर घरी यायचं. बाईंना तिथं जागा नव्हती. त्यांनी मिनेसोटाला बहिणीकडं जावं आणि तिच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलावेत, असं साहेबांनी नाही, पण साहेबांच्या पत्रानं म्हटलं होतं.

साहेबांनी एकच वाट ठेवली. दोन्ही गावांनी मिळून एक शाळा-इलाखा करायचा आणि शाळा दोघांना पटेल अशा जागी हवी. आमच्या दोन्ही गावांनी तिथंच शहाणपणा केला. करारात लिहून घेतलं की शाळा ना लुंडबीत ना व्रानोव्हात, ती बरोबर मधोमध उभी राहील, आणि तीस एप्रिलच्या चार वाजेपर्यंत उभी राहील. साहेबांनी हसत हसत शिक्का मारला. हे दोघे मध्य कुठं यावर जन्मात एकमत करणार नाहीत, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

लुंडबीची शाळाच उचलून तिथं नेऊन ठेवायचं ठरलं. घर हलवणं आमच्याकडं नवं नाही. घरं लाकडाची. पाया सोडवायचा, खाली तुळया घालायच्या, तुळयांखाली चाकं, पुढं ट्रॅक्टर, आणि चाललं घर. माझं स्वतःचं कोठार तीनदा जागा बदलून आलंय. पण हे काम फेब्रुवारीत करायचं असतं, जमीन दगडासारखी गोठलेली असते तेव्हा. त्या फेब्रुवारीत जमीन कुठं आहे हेच दिसत नव्हतं. मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि सगळा मुलूख चिखलाचा झाला. जमीन जरा धरायला लागली तेव्हा एप्रिलचे शेवटचे दिवस उरले होते.

तोवर मध्य मोजून झाला होता. दोनदा. लुंडबीचे हालमार एकस्ट्रॉम, चर्चचे ज्येष्ठ, हसताना कुणी न पाहिलेला माणूस, यांनी आपल्या मोटारीच्या काट्यावर चर्चच्या दारापासून तीन मैल मोजले आणि माझ्या कुरणात खुंटी ठोकली. व्रानोव्हचा लादिस्लाव कुचेरा, गुत्त्याचा मालक, अकॉर्डियन वाजवणारा, यानं मका पेरताना शेतात ताणतात ती गाठींची तार घेतली आणि गुत्त्याच्या दारापासून गाठी मोजत आला. त्याचीही खुंटी माझ्याच कुरणात पडली, पण हालमारच्या खुंटीपासून दोनशे पावलं व्रानोव्हकडं. आठ दिवसांत दोन्ही खुंट्या गायब. तेव्हाच माझ्या गाईंचं नाव निघालं.

बाईंनी मग आम्हा तिघांना शाळेत बोलावलं आणि पोरांच्या बाकांवर बसवलं. हालमारकाकांचे गुडघे हनुवटीला लागत होते. बाई म्हणाल्या, दोन गावांत सहा मैल आहेत हे सरकारी नकाशात आहे आणि तुम्हा दोघांना मान्य आहे. शाळा चर्चच्या दाराशीच उभी आहे. तिथून तीन मैल गेली की मध्य आला. शाळेखाली मळणीयंत्राची चाकं लागणार, त्यांचा घेर बारा फूट. तेव्हा तेराशे वीस फेरे झाले की थांबायचं. फेरे कुणी मोठा माणूस मोजणार नाही. एका चाकावर लुंडबीची सिग्ने, दुसऱ्यावर व्रानोव्हची मिलाडा. सिग्ने ही हालमारकाकांची नात आणि मिलाडा लादिस्लावची लेक. जानेवारीपासून दोघी एका बाकावर बसत होत्या आणि एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या.

दोघांनी मान डोलावली. मग मी चिटणीस म्हणून विचारलं, की शनिवारी तीस तारखेला हलवायची तर पोरांना सुट्टी जाहीर करू का.

बाई माझ्याकडं असं बघायला लागल्या, की मला पुन्हा पाढे विचारतात की काय असं वाटलं. बर्फानं एकतीस दिवस खाल्ले होते. बाईंनी शनिवारी शाळा भरवून ते भरत आणले होते. मे अखेरपर्यंत एक दिवससुद्धा शिल्लक नव्हता. वर्षाचा एक दिवस जरी कमी पडला असता, तरी साहेबांना इलाखा मोडायला तेवढं पुरे होतं. नऊ ते चार पोरं शाळेच्या इमारतीत, शिक्षकासमोर बसली तरच तो दिवस धरतात.

"कायद्यात इमारतीनं एका जागी उभं राहिलं पाहिजे असं कुठं लिहिलंय, आर्विद?" बाईंनी विचारलं. "मी दोनदा वाचून बघितलाय. नाही लिहिलेलं."

शनिवारी सकाळी नऊला बाईंनी घंटा वाजवली, हजेरी घेतली, आणि शाळा निघाली.

तो देखावा मी मरेपर्यंत विसरायचो नाही. पुढं चार ट्रॅक्टर, दोन लुंडबीचे, दोन व्रानोव्हचे, कारण एकाच गावाचे लावले तर ते शाळा पळवून नेतील अशी दुसऱ्याला भीती. सगळ्यांत पुढं मी. रस्ता अरुंद आणि कडेला तारेचे खांब, म्हणून आम्ही शेतांच्या कडेनं चाललो होतो. मागं ती पांढरी शाळा हलत डुलत येत होती, धुराड्यातून धूर निघत होता, कारण सकाळी गारठा होता आणि बाईंनी शेगडी पेटवायला लावली होती. खिडक्यांतून पाढे ऐकू येत होते. शाळेच्या मागं दोन घसरगाड्यांवर दोन संडास बांधले होते, एक मुलींचा, एक मुलग्यांचा. बाई म्हणाल्या होत्या की शाळा म्हणजे संडासासकट शाळा.

दोन्ही बाजूंनी लोक चालत होते. स्वीडिश बायका कॉफीच्या किटल्या घेऊन, चेक बायका मुरंब्याच्या पावांची ताटं घेऊन. आधी एकीनं दुसरीचं काही खाल्लं नाही. मैलभर चालल्यावर भूक लागली आणि मग कुणाचं काय हे कुणी विचारलं नाही. लादिस्लाव चाकाशेजारून चालत होता. पोरींच्या मोजण्यावर त्याचा विश्वास होता असं तो म्हणत होता, पण डाव्या खिशात त्यानं मक्याचे एकशे बत्तीस दाणे मोजून घेतले होते. दहा फेरे झाले की एक दाणा डाव्या खिशातून उजव्यात.

दर थोड्या वेळानं आतून घंटा वाजे आणि आम्हाला थांबावं लागे. कुणी तरी करंगळी वर केलेली असायची. पोर खाली उतरे, मागं पळे, संडासात जाई, परत येई, बाई घंटा वाजवत, आणि चार ट्रॅक्टर पुन्हा धक्का देत. सहाव्या वेळी हालमारकाका ट्रॅक्टरवरून उतरून खिडकीशी गेले.

"बाई, प्वारास्नी पानी कमी पाजा की वाईच," ते म्हणाले.

बाईंनी त्यांना सांगितलं की बाहेरच्यांनी वर्ग चालू असताना बोलायचं नसतं, आणि खिडकी लावून घेतली. चेक लोक हसले. हालमारकाकांच्या मिशीखाली काही तरी हललं, पण ते हसू होतं असं मी शपथेवर सांगणार नाही.

एक पोर उशिरा आलं. त्याला शाळा कधी निघणार याचा विसर पडला होता. ते लुंडबीत चर्चशी पोचलं तर तिथं नुसते पायाचे दगड. चाकाच्या खुणांवरून पळत पळत त्यानं दीड मैलावर आम्हाला गाठलं आणि चालत्या शाळेच्या दारात चढलं. बाईंनी त्याच्या नावापुढं उशीर लिहिला. पोरानं सांगून बघितलं की मी घरून वेळेवर निघालो होतो, शाळाच पुढं गेली. ते कारण वहीत बसणारं नव्हतं.

साडेदहाच्या सुमाराला प्रुइटसाहेब आले. त्यांनीही आधी लुंडबीत पाया बघितला होता आणि शाळा मोडली या आनंदात मोटार फिरवली होती. मग शेताच्या कडेनं धूर सोडत चाललेली शाळा त्यांना दिसली. मोटार शेतात जाईना. साहेब टोपी धरून ढेकळांतून पळत आले. आम्ही मुद्दाम सावकाश चाललो होतो असं नाही, पण मुद्दाम थांबलोही नाही. पायरी गाठून ते आत शिरले तर बाईंनी भूगोल थांबवला, पुसायला पायपोस दाखवला आणि मागच्या बाकावर बसायला सांगितलं. साहेब बसले. पुढचे तीन तास नकाशावर ॲमेझॉन नदी दाखवणारी बाईंची छडी आणि खिडकीबाहेरून सरकणारा नेब्रास्का, दोन्ही बघत ते बसून होते. एकदा शाळेनं गचका दिला तेव्हा शाईची दौत त्यांच्या विजारीवर सांडली. बाईंनी त्यांना टिपकागद दिला.

शंभर फेरे झाले की सिग्ने आणि मिलाडा आपापल्या खिडकीतून मान आत घेऊन आकडा सांगत. चाकाला बांधलेली लाल फीत वर आली की एक. नऊशे झाले. दुपारच्या जेवणाला थांबलो. हजार झाले. अकराशे. पश्चिमेला ढग काळे व्हायला लागले, तसे आम्ही ट्रॅक्टर जरा दामटले. बाराशे झाले तेव्हा शाळा माझ्या कुरणात शिरली होती आणि मला उगाचच छाती फुगवून बसावंसं वाटत होतं. समोर कुरण हिरवंगार, सपाट. एवढं हिरवं कशामुळं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. लिबूशा आठ दिवस कानीकपाळी ओरडत होती की कुरणातून सरळ जाऊ नका, तिथं जमिनीत झरा आहे, वळसा घाला. मी म्हटलं होतं, बायकांना जमिनीतलं काय कळतं.

साहेब बराच वेळ पाय हलवत बसले होते म्हणे. शेवटी त्यांनीही हळूच करंगळी वर केली. बाईंनी मान डोलावली, पण त्यांच्यासाठी घंटा काही वाजवली नाही. साहेब चालत्या शाळेतून उतरले, मागं पळत गेले आणि मुलग्यांच्या संडासात शिरले.

तेवढ्यात शाळेचं डावं चाक खचलं. आधी मऊ आवाज आला, मग लाकूड करकरलं, आणि शाळा हळूच एका अंगाला बसली, बाजाराहून आलेली दमलेली म्हातारी बसते तशी. धुराड्याची नळी वाकडी झाली. मागचा संडास आपटून थांबला आणि आतून कुणी तरी देवाचं नाव घेतल्याचा आवाज आला. लिबूशा माझ्या ट्रॅक्टरशेजारी आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि खचलेल्या चाकाकडं बघत राहिली. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही चारी ट्रॅक्टर ताणले. दोर तुटला. दुसरा बांधला, तोही तुटला. चाक आसापर्यंत रुतलं होतं आणि प्रत्येक ओढीला आणखी खाली जात होतं. घड्याळात साडेतीन झाले होते आणि पावसाचे थेंब पडायला लागले होते.

हालमारकाका म्हणाले की शाळा उभी आहे, चांगली आहे, इथंच राहू द्यावी. ते म्हणणारच. शाळा लुंडबीकडच्या अंगाला राहत होती. लादिस्लावनं डाव्या खिशातून मूठ बाहेर काढली आणि उघडून दाखवली. पाच दाणे होते.

"पन्नास फेरं तरी कमी हायती," तो म्हणाला. "पोरीस्नी इचारा. मध्य म्हंजी मध्य. माज्या गावच्या पोरांनी रोज दीडशे-दोनशे पावलं जास्ती का चालायचं? तुमी म्हनता म्हून?"

"मंग उचल की खांद्यावर," हालमारकाका म्हणाले.

दोन्ही गावं बोलायला लागली. जानेवारीपासून साठलेलं सगळं निघालं, खुंट्या, गाई, मोडता मोडता राहिलेली सोयरीक. कुणी तरी कुणाचा पाव हिसकावून परत ताटात टाकला. मी मध्ये उभा राहून दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या, कारण झरा माझा होता. करार मोडला, असं लादिस्लाव दोनदा म्हणाला. मला तेव्हा दिसलं की बाई दारात उभ्या आहेत. हातात घंटा होती, पण त्या वाजवत नव्हत्या. सत्तावीस वर्षांत मी त्या बाईला काय करावं हे न समजून उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं.  उद्या ही बाई ट्रंक भरून मिनेसोटाला जाईल आणि आमची पोरं अंधारात बस धरतील, आणि हे सगळं पन्नास फेऱ्यांसाठी.

आपटल्यानं अडकून बसलेलं मागच्या संडासाचं दार शेवटी उघडलं. प्रुइटसाहेब टोपी सारखी करत चिखल तुडवत पुढं आले. सगळे गप्प झाले. परक्या माणसासमोर भांडायचं नाही एवढं एकच वळण आमच्या दोन्ही गावांना सारखं होतं.

शाळा का थांबली, असं साहेबांनी विचारलं.  साहेबांनी घड्याळ काढलं, खिशातून कराराचा कागद काढला आणि विचारलं की किती फेरे झाले.

बाईंनी एकदा चाकाकडं बघितलं आणि एकदा वर्गाकडं. मग नेहमी फळ्यापाशी बोलावतात त्याच आवाजात म्हणाल्या, "मिलाडा, उभी राहा. किती फेरे?"

मिलाडा खिडकीत उभी राहिली. ती दहा वर्षांची होती आणि खोटं बोलायची सवय तिला नव्हती, बाईंच्या वर्गात ती कुणालाच नव्हती. तिनं बापाकडं बघितलं. मग आत बघितलं. बाकावरून सिग्नेनं तिचा हात धरला होता, ते मला बाहेरून दिसत होतं.

"तेराशे वीस," मिलाडा म्हणाली.

"माजंबी तेराशे वीसच," सिग्ने म्हणाली.

मग एकेक करत सगळा वर्ग म्हणायला लागला, तेराशे वीस, तेराशे वीस, पाढे म्हणतात तसं. स्वीडिश पोरं आणि चेक पोरं एका सुरात काही म्हणताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. उशिरा आलेलं पोर तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होतं. त्यानं निम्मे फेरे बघितलेसुद्धा नव्हते.

साहेब लादिस्लावकडं वळले. तुम्हीही मोजत होता असं दिसलं होतं, ते म्हणाले, तुमच्या खिशातले दाणे संपले का. अख्खं कुरण लादिस्लावच्या मुठीकडं बघायला लागलं. करार मोडायला ते पाच दाणे पुरे होते. त्यानं मिलाडाकडं बघितलं, बराच वेळ. पोरगी सिग्नेचा हात धरून खिडकीत ताठ उभी होती. लादिस्लावनं मूठ तोंडाशी नेली आणि पाचही दाणे तोंडात टाकले. वाळलेला मका, दगडासारखा. तो चावताना आवाज पार मागच्या रांगेपर्यंत गेला.

"संपलं," तो म्हणाला. "माजी पोर बाईंच्या शाळंत हाय. तिचा हिशोब चुकत न्हाई."

दुसऱ्या बाजूनं कुणी तरी खोकल्यासारखं केलं. बघतो तर हालमारकाका. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते आणि हसणं कसं थांबवायचं हे त्यांना माहीत नव्हतं, कारण सवयच नव्हती. त्यांचं बघून लुंडबीची सगळी चाळीस घरं हसायला लागली. साहेबांना काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. विजारीवर शाई, बुटांत चिखल, वरून पाऊस. त्यांनी माझ्या पाठीवर कागद ठेवला, सही केली, शिक्का मारला आणि मोटारीकडं चालू लागले. बाईंनी त्यांना मागं बोलावलं. चार वाजायला सात मिनिटं कमी होती. दिवस पूर्ण भरायचा होता. साहेब सात मिनिटं मागच्या बाकावर बसले.

चारला घंटा वाजली आणि मग मात्र कुणी कुणाचं ऐकलं नाही. पाऊस धो धो पडत होता आणि दोन्ही गावं त्या तिरप्या शाळेत कोंबून बसली होती. लादिस्लाव मक्यानं दात मोडलेला गाल धरून अकॉर्डियन आणायला माणूस पाठवत होता. जमीन तिरपी, त्यामुळं नाचणारे सगळे सरकत सरकत शेगडीपाशी जमा व्हायचे आणि पुन्हा वर चढायचे. लिबूशानं मला नाचायला ओढलं आणि तेव्हा कानात सांगितलं की झऱ्याबद्दल मी काय म्हणाले होते ते मरेपर्यंत विसरू नकोस. अजून विसरू दिलेलं नाही.

शाळा आम्ही जूनमध्ये वाळल्यावर सरळ केली, खाली दगडांचा पाया घातला, आणि ती तिथंच राहिली. झऱ्याला पंप बसवला. त्या भागात इतकं गोड पाणी दुसऱ्या कुठल्या शाळेला नव्हतं. नंतर पक्का रस्ता झाला तेव्हा सरकारी माणसांनी साखळीनं मोजलं. खरा मध्य पुढं एकशे बहात्तर पावलांवर, माझ्या गुरांच्या हौदात निघाला. दोन्ही गावांनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

बाई आणखी अकरा वर्षं शिकवत राहिल्या आणि त्यांच्या स्वतःच्या घरात, लुंडबीत, वारल्या. त्यांच्या मागं शाळेचं कपाट आवरायचं काम माझ्याकडं आणि लादिस्लावकडं आलं. तो तोवर साठीला आलेला. जुन्या हजेरीच्या वह्या निघाल्या. एकोणपन्नासची वही मी खिडकीशी नेली, तीस एप्रिलचं पान काढलं आणि बाईंचं ते सरळ, समास सोडलेलं अक्षर मोठ्यानं वाचलं.

हजर चोवीस. उशिरा एक. भूगोल, दक्षिण अमेरिका. अंकगणित, चाकाचे फेरे. सगळ्या वर्गाचं उत्तर चूक. सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी.

 लादिस्लाव जीभ गालाच्या आत, त्या मोडक्या दाताच्या जागी फिरवत राहिला. मग चष्मा लावून वहीवर वाकला.

"नीट बघ की, आर्विदा," तो म्हणाला. "माजं नाव हाय का त्यात. त्या दिशी म्या बी तेराशे वीसच मोजलं हुतं."